अंगठा आणि लेखणी

आपल्या भाषेत अंगठ्याची प्रतिष्ठा फारशी मोठी नाही. कोणी अंगठा दाखविला म्हणजे आपल्या पदरात काही पडावयाचे नाही असे समजून घरी परतावे. आणि ज्याला कागदावर चार अक्षरे उमटविता येत नाहीत तो अंगठेबहाद्दर. अमेरिकेत अंगठ्याचा अर्थ निराळा. तिकडे तो वर उभा धरला तर पसंती आणि खाली वळविला तर नापसंती. ह्या साध्या खुणेने शिकागो शहरातील दोन वृत्तपत्री टीकाकारांना एके काळी इतकी कीर्ती मिळवून दिली, की नवीन चित्रपटाच्या जाहिरातीत नटनट्यांच्या नावांइतक्याच ठळक अक्षरांत त्यांच्या दोन अंगठ्यांचा उल्लेख होऊ लागला.

श्रोतेहो, त्या दोघांपैकी एकाविषयी आज मला बोलावयाचे आहे. त्यांचे नाव रॉजर ईबर्ट. दूरचित्रवाणीवरील चित्रपट-टीकाकार म्हणून जगाला ते माहीत झाले. परंतु आयुष्याच्या अखेरच्या जवळजवळ सात वर्षांत त्यांना एक शब्दही उच्चारता येत नव्हता. ज्याची सारी प्रसिद्धी बोलण्यावर उभी होती त्याची वाचाच गेली, आणि मग मागे काय उरले हे पाहिले म्हणजे ह्या माणसाविषयीचा, आणि त्याच्या त्या बदनाम खुणेविषयीचाही, आपला अभिप्राय थोडा बदलावा लागतो. नभोवाणीवरून बोलणाऱ्या माणसाला हा विषय अंमळ अधिक जवळचा वाटला तर आपण आश्चर्य मानू नये. माझाही आपल्याशी संबंध आवाजापुरताच आहे.

ईबर्ट ह्यांचा जन्म १८ जून १९४२ रोजी इलिनॉय राज्यातील अर्बाना ह्या गावी झाला. आईबापांचे ते एकुलते एक अपत्य. वडील तेथील विद्यापीठात विजेची कामे करीत. इंग्रजी विभागात तारा जोडावयास गेले असता, टेबलावर पाय टाकून पुस्तके वाचीत बसलेले प्राध्यापक त्यांनी पाहिले, आणि माझ्या मुलाने माझा धंदा न करता हा करावा, असे त्यांनी घरी येऊन सांगितले. ही हकीकत ईबर्ट मोठ्या प्रेमाने सांगत. मुलाने बापाचे निम्मे ऐकले. पंधराव्या वर्षीच तो गावच्या दैनिकात शाळांच्या क्रीडासामन्यांची वृत्ते लिहू लागला. विद्यापीठात गेल्यावर विद्यार्थ्यांच्या ‘डेली इलिनी’ ह्या पत्राचा संपादक झाला. आणि १९६४ साली पदवी घेतल्यावर दक्षिण आफ्रिकेत केप टाउन येथे एक वर्ष शिष्यवृत्तीवर काढून, शिकागो विद्यापीठात इंग्रजी वाङ्मयाच्या डॉक्टरीसाठी त्याने नाव घातले. हा मार्ग सरळ त्या टेबलावरील पायांकडे जाणारा होता. पण पोटासाठी म्हणून १९६६ साली ‘शिकागो सन-टाइम्स’ ह्या दैनिकात धरलेली नोकरी विद्यापीठाला भारी पडली. पुढील एप्रिलात चित्रपट-परीक्षणे लिहिणाऱ्या बाईंनी काम सोडले आणि ती जागा ह्या चोवीस वर्षांच्या तरुणाकडे आली. ती त्याने मागितलेली नव्हती. तो तिच्यावर मरेपर्यंत, म्हणजे शेहेचाळीस वर्षे, राहिला.

त्या काळी अमेरिकन वृत्तपत्रांत चित्रपटाचे खाते म्हणजे अडगळीची खोली असे. प्रतिस्पर्धी ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये तर ‘मे टिनी’ ह्या एकाच टोपणनावाखाली अनेक वर्षे निरनिराळ्या व्यक्ती परीक्षणे लिहीत आल्या होत्या. हे नाव म्हणजे ‘मॅटिनी’ शब्दावरील कोटी होय, हे चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल. अशा टीकेला कोण किंमत देणार? परंतु १९६७ साल हे चित्रपटाच्या इतिहासातील साधे साल नव्हते. त्याच वर्षी ‘बॉनी अँड क्लाइड’ हा दोन दरोडेखोर प्रेमिकांचा बोलपट आला. हसताहसता एकदम रक्त दाखविणारा हा प्रकार जुन्या मंडळींना मुळीच रुचला नाही. ‘न्यू यॉर्क टाइम्स’चे वजनदार टीकाकार बॉस्ली क्राउदर ह्यांनी त्याला अक्षरशः झोडपून काढले. शिकागोत मात्र सहा महिनेही पदावर न झालेल्या ईबर्टने ही एक थोर कलाकृती आहे, आणि आपल्या काळाची साक्ष म्हणून ती पुढे पाहिली जाईल, असे निःशंकपणे लिहिले. लवकरच क्राउदर ह्यांनी आपले पद सोडले. चित्रपट बदलत होता आणि त्याचा न्याय करणारी पिढीही बदलत होती.

ईबर्ट ह्यांची लेखनशैली साधी, वृत्तपत्री शिस्तीत तयार झालेली. न्यू यॉर्कच्या पॉलीन केल ह्यांच्या लेखणीतील वीज तीत नाही आणि अँड्र्यू सॅरिस ह्यांच्यासारखा सिद्धान्ताचा डोलाराही नाही. चित्रपटगृहात आपल्याला काय झाले ते प्रामाणिकपणे सांगावे, मग ते का झाले ते शोधावे, एवढीच त्यांची रीत. ही रीत लिहिणाराला सोपी वाटते आणि वाचणाराला सवयीची होते. तिच्यात फसवावयास मात्र जागा नसते. मध्यंतरी, १९७० साली, रस मेयर नावाच्या उत्तान चित्रपटांच्या दिग्दर्शकासाठी त्यांनी स्वतः एक पटकथाही लिहिली. त्या चित्रपटाविषयी सभ्य घरांत न बोललेले बरे. त्यांच्या विरोधकांनी मात्र तो जन्मभर विसरू दिला नाही, आणि त्यांनीही तो कधी नाकारला नाही.

सन १९७५ मध्ये दोन गोष्टी घडल्या. टीकालेखनाचे पुलित्झर पारितोषिक ईबर्ट ह्यांना मिळाले. चित्रपट-टीकाकाराला हा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ. आणि त्याच वर्षी शिकागोच्या डब्ल्यू. टी. टी. डब्ल्यू. ह्या सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्राने त्यांना महिन्यातून एकदा नव्या चित्रपटांवर बोलावयास बोलाविले. लेखणीला सर्वोच्च मान मिळावा आणि त्याच वर्षी तिच्यावर सवत यावी, असा हा योग. मुंबईला दूरचित्रवाणीचे केंद्र सुरू होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती, हे सांगितले म्हणजे काळाचा अंदाज येईल.

बोलावयाचे होते ते एकट्याने नव्हे. समोर बसणार होते ट्रिब्यूनचे जीन सिस्केल. हे ईबर्टपेक्षा साडेतीन वर्षांनी लहान, येल विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलेले, उंच, सडपातळ, विरळ केसांचे. ईबर्ट बुटके, स्थूल, जाड चष्म्याचे. दूरचित्रवाणीला हवे असते ते रूप दोघांपाशीही नव्हते. त्यात दोघे दोन शत्रुपक्षांच्या पत्रांतले. एकाच उद्वाहकातून खाली उतरताना एकमेकांशी अक्षर न बोलणारे. असे दोघे समोरासमोर बसविले तर काय होईल? पहिल्यापहिल्यांदा फारसे काही झाले नाही. दोघेही अवघडून, पाठ केलेले म्हणत. पुढे निर्मात्या थिया फ्लॉम ह्यांनी त्यांना हळूहळू वळण लावले. प्रेक्षकांना व्याख्यान देऊ नका, एकमेकांशी बोला, हे त्या वळणाचे सार. चित्रपटगृहाच्या बाल्कनीचा देखावा उभारला. मधली वाट सोडून दोन बाजूंना दोघे बसले. चित्रपटातील एखादा तुकडा दाखवावयाचा, म्हणजे शितावरून भाताची परीक्षा प्रेक्षकाने स्वतः करावी, आणि मग दोघांनी भांडावे. कार्यक्रम देशभर दिसू लागला. १९८२ साली दोघांनी सार्वजनिक केंद्र सोडून व्यापारी संस्थेशी करार केला, आणि १९८६ पासून त्यांचा कार्यक्रम डिस्नेच्या वितरणसंस्थेकडे गेला. चित्रपट काढणाऱ्यानेच टीकाकार पोसावे हे ऐकून आपल्या भुवया वर जातील, तशा तिकडेही गेल्या. परंतु डिस्नेच्या चित्रपटांनाही ह्या दोघांनी प्रसंगी नापास केलेले आहे. कार्यक्रमाच्या नावात कोणाचे नाव आधी घालावयाचे हा मोठाच तंटा होता. तो नाणे उडवून मिटविला. कौल सिस्केल ह्यांना मिळाला, आणि ईबर्ट ह्यांना जन्मभर दुसऱ्या जागेवर बसावे लागले.

अंगठा आला तो ह्याच १९८६ साली. त्यापूर्वी कार्यक्रमाच्या शेवटी नुसते ‘होय’ किंवा ‘नाही’ असे मत देत. अंगठ्याची खूण रोमन आखाड्याइतकी जुनी समजली जाते, पण चित्रपटाच्या संदर्भात ती ह्या दोघांनी आपल्या मालकीची म्हणून कायद्याने नोंदवून घेतली. अंगठ्याचा ठसा नोंदवितात हे आपणांस ठाऊक आहे. खुद्द अंगठा नोंदविल्याचे हे उदाहरण विरळाच.

त्यांच्या जुन्या कार्यक्रमांच्या ध्वनिचित्रफिती आज पाहावयास मिळतात. मी त्या पुष्कळ पाहिल्या, आणि त्यांत अंगठा हा भाग सर्वांत कमी महत्त्वाचा आहे असे माझे मत झाले. १९८७ सालचा एक भाग पाहा. स्टॅन्ली कुब्रिक ह्यांचा ‘फुल मेटल जॅकेट’ हा व्हिएटनाम युद्धावरचा गंभीर चित्रपट आणि ‘बेंजी द हंटेड’ हा एका चतुर कुत्र्याचा मुलांसाठी काढलेला चित्रपट एकाच बैठकीत आले. ईबर्ट ह्यांनी कुब्रिकला नापसंती दिली आणि कुत्र्याला पसंती. सिस्केल संतापले. अशी तुलना करावयास लाज कशी वाटत नाही, अशा अर्थाचे त्यांनी सुनावले. ईबर्ट ह्यांचे उत्तर असे की मी तुलना करीतच नाही. प्रत्येक चित्रपट आपण कोण आहोत आणि काय करू इच्छितो हे सांगत असतो. ते त्याने कितपत साधले एवढेच मी पाहतो. आता कुब्रिकच्या बाबतीत ते चुकले असे मला वाटते. परंतु घराच्या बैठकीत जेवणे आटोपून बसलेल्या कुटुंबासमोर कलाकृतीचा न्याय तिच्या जातीवरून करावा की सर्वांना एकच मापटे लावावे, हा वाद, एकही पारिभाषिक शब्द न वापरता, दोन मिनिटांत उभा राहिला. साहित्यशास्त्राच्या वर्गात ह्याच प्रश्नाला आम्ही एक सहामाही घालवीत असू.

ह्या व्यासपीठाचा उपयोग त्यांनी निरनिराळ्या कामांसाठी केला. १९८० साली स्त्रियांचा पाठलाग आणि हत्या हाच ज्यांचा धंदा अशा भयपटांविरुद्ध त्यांनी एक पुरा कार्यक्रम केला. जुन्या कृष्णधवल चित्रपटांना यंत्राने रंग फासण्याची टूम निघाली तेव्हा तिच्यावर दोघांनी मिळून हल्ला चढविला. इतर प्रश्नांवर एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोघे येथे सख्ख्या भावांसारखे एक झाले. १९८९ साली कृष्णधवल छायाचित्रणाच्या सौंदर्यावर एक भाग केला तो स्वतःच कृष्णधवल. आणि लहान, अनाथ चित्रपटांचा कैवार तर त्यांनी सततच घेतला. एरॉल मॉरिस ह्यांचा ‘गेट्स ऑफ हेवन’ हा पाळीव जनावरांच्या दफनभूमीवरचा वृत्तपट घ्या. हा विषय ऐकून कोण तिकीट काढणार? ईबर्ट ह्यांनी त्याला जगातील सर्वोत्तम चित्रपटांच्या आपल्या यादीत बसविले, आणि आयुष्यभर त्याच्याविषयी बोलत राहिले.

१९९४ च्या प्रारंभी सनडान्स महोत्सवात ‘हूप ड्रीम्स’ नावाचा जवळजवळ तीन तासांचा वृत्तपट दाखविला गेला. शिकागोच्या गरीब वस्तीतील दोन कृष्णवर्णीय मुले, त्यांची बास्केटबॉल खेळून मोठे होण्याची स्वप्ने, आणि त्या स्वप्नांच्या पायी घरांची झालेली ओढाताण, एवढाच विषय. त्याला वितरक मिळालेला नसतानाच सिस्केल आणि ईबर्ट ह्यांनी आपल्या कार्यक्रमात त्याचे परीक्षण केले. गिऱ्हाइकाला जो माल बाजारात मिळतच नाही त्याची शिफारस करणे व्यापारी दृष्टीने वेडेपणाचे. पण त्या वेडेपणामुळे चित्रपटाकडे लक्ष वेधले. वर्षाअखेर दोघांनीही त्यालाच त्या सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरविले. ऑस्करच्या वृत्तपटांच्या यादीत मात्र त्याला जागाच मिळाली नाही. त्यावरून एवढा गहजब झाला की निवडीची पद्धत बदलणे भाग पडले. ह्या चित्रपटाचे दिग्दर्शक स्टीव्ह जेम्स ह्यांचे नाव कृपया ध्यानात ठेवावे.

इतके असूनही अंगठ्यावरील आक्षेप खोटा नव्हता. १९९० साली ‘फिल्म कॉमेंट’ ह्या नियतकालिकात रिचर्ड कॉर्लिस ह्यांनी दीर्घ लेख लिहून विचारले, की चित्रपट-टीकेला भवितव्य तरी उरले आहे काय? लोकांना आता विचार नको, खूण हवी. वाक्य नको, अंगठा हवा. आपल्या भाषेत सांगावयाचे तर टीकेचा सारा संसार अंगठेबहाद्दरांच्या हाती गेला आहे. त्याच नियतकालिकात ईबर्ट ह्यांनी उत्तर दिले. आमचा कार्यक्रम म्हणजे सखोल टीका नव्हे, हे त्यांनी प्रथमच कबूल करून टाकले. त्यांचे म्हणणे एवढेच, की लहान गावातील एखाद्या मुलाला चित्रपटाविषयी स्वतःचे मत असू शकते, आणि ते कारणे देऊन मांडता येते, हे पहिल्याने आमच्या भांडणातून कळते.

मला वाटते दोघांचेही खरे होते, पण निरनिराळ्या अंगठ्यांविषयी. कॉर्लिस ज्याला भ्याले तो जाहिरातीत छापलेला अंगठा. तो वाद कापून टाकून निकाल तेवढा उचलतो. ‘कसा आहे?’ असे आपण विचारतो तेव्हा पुष्कळदा आपल्याला ‘जावे की नको?’ एवढेच हवे असते, आणि त्या आळसाची सोय त्याने केली. पुढे जगभर नक्कल झाली ती ह्याच अंगठ्याची. दोन समान ताकदीच्या माणसांनी एकमेकांना न जुमानता दर आठवड्याला भांडावे, आणि पुढच्या आठवड्यास पुन्हा त्याच खुर्च्यांवर येऊन बसावे, ह्याची नक्कल फारशी कोणास साधली नाही.

शिवाय ईबर्ट ह्यांचे एक काम असे होते, की ते दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना कधी दिसलेच नाही. कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे दरवर्षी विद्यापीठात एक परिषद भरे. तेथे ते कित्येक वर्षे एकच चित्रपट घेऊन चारपाच दिवस बसत. सभागृह काळोखे करून चित्रपट चालू करावयाचा. श्रोत्यांपैकी कोणीही, प्राध्यापक असो की शाळेतील पोर, ‘थांबा’ म्हणून ओरडले की चित्र तेथेच थांबवावयाचे, आणि त्याला काय दिसले ते त्याने सांगावयाचे. पडद्याच्या कोणत्या बाजूस माणूस उभा आहे, सावली कोठून पडली आहे, आरशात काय दिसते, अशा खाणाखुणांवर तासच्या तास जात. शिकागोत प्रौढांच्या रात्रीच्या वर्गातही ते ह्याच रीतीने शिकवीत. आपल्याकडे ‘टीका’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ दोष काढणे असा नाही. मूळ ग्रंथाच्या ओळीओळीवर थांबून त्यातील अर्थ उलगडून दाखविणे म्हणजे टीका. ज्ञानेश्वरीला आपण गीतेवरील टीका म्हणतो ती ह्या अर्थाने. बोल्डरच्या त्या काळोखात चाले ती ह्या जुन्या अर्थाने टीका होती. जगाला मात्र टीकाकार माहीत होता तो अंगठ्याचा.

ह्याच वृत्तीतून त्यांनी थोर चित्रपटांवर एकेक निबंध लिहावयास घेतला. त्यांचा पहिला संग्रह २००२ साली निघाला. त्या निबंधमालेत सत्यजित राय ह्यांची अपूची त्रिचित्रमाला आहे, आणि ती परक्या देशाची कुतूहलवस्तू म्हणून आलेली नाही. बापलेकांच्या, आईलेकांच्या संबंधावरील जगातील श्रेष्ठ कृतींपैकी एक म्हणून आली आहे. मुंबईच्या रस्त्यांवरील मुलांवर मीरा नायर ह्यांनी काढलेल्या ‘सलाम बॉम्बे’ची त्यांनी मनापासून वाखाणणी केली. आपल्या आशुतोष गोवारीकरांचा ‘लगान’ अमेरिकेत गेला तेव्हा त्याचेही त्यांनी मोकळ्या मनाने स्वागत केले. गाणी आणि नाच पाहून नाके मुरडणारे पाश्चात्त्य टीकाकार काही थोडे नव्हते.

खाजगी आयुष्याविषयी थोडक्यात सांगतो. तरुणपणी त्यांना मद्याचे व्यसन होते. ते १९७९ साली त्यांनी सोडले, आणि पुन्हा कधी पेला हाती धरला नाही. विवाह केला तो पन्नासाव्या वर्षी, १९९२ साली. पत्नी चॅझ ह्या कृष्णवर्णीय, व्यवसायाने वकील. पुढच्या काळात ह्या बाईंनी जे केले त्यावाचून राहिलेली गोष्ट घडलीच नसती.

मे १९९८ मध्ये सिस्केल ह्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. रुग्णशय्येवरून दूरध्वनीवर बोलून त्यांनी कार्यक्रमात भाग घेतला; मग प्रत्यक्ष येऊन बसू लागले. दुखण्याचे खरे स्वरूप त्यांनी घराबाहेर कोणासही कळू दिले नाही, चोवीस वर्षे समोर बसलेल्या माणसासही नाही. २० फेब्रुवारी १९९९ रोजी ते वारले. वय अवघे त्रेपन्न. ज्याच्याशी रोज भांडलो त्याचा नीट निरोपही घेता आला नाही, ही गोष्ट ईबर्ट ह्यांच्या फार जिव्हारी लागली. आपल्यावर तशी वेळ आली तर आपण काहीही लपवून ठेवावयाचे नाही, असा त्यांनी पत्नीपाशी निश्चय केला.

वेळ फार दूर नव्हती. रिचर्ड रोपर ह्या नव्या सहकाऱ्याबरोबर कार्यक्रम २००० पासून चालू होता. २००२ साली ईबर्ट ह्यांच्या कंठग्रंथीत कर्करोग आढळला, पुढच्या वर्षी लालोत्पादक ग्रंथींत. २००६ च्या जूनमध्ये खालच्या जबड्याचा भाग काढावा लागला. बरे होऊन घरी जाण्याची तयारी झाली असता गळ्यातील मोठी रक्तवाहिनी फुटली. त्या क्षणी ते अद्याप रुग्णालयातच होते म्हणून वाचले. खोलीतून निघण्यापूर्वी एक आवडते गीत शेवटपर्यंत ऐकण्यासाठी ते थांबले होते. पुढे जबडा पुन्हा बसविण्याचे प्रयत्न झाले ते फसले. खाणे, पिणे आणि बोलणे ही तिन्ही सुखे कायमची गेली. अन्न नळीने पोटात जाऊ लागले. अन्नाची आठवण फारशी छळत नाही, जेवणाच्या टेबलाभोवतीच्या गप्पांची छळते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. आपल्या पंगतीत बसलेल्या कोणासही हे पटावे.

दूरचित्रवाणीवरील जागा अर्थातच गेली. २००७ साली कराराच्या वादात अंगठाही कार्यक्रमातून गेला. मालक त्याचा ईबर्ट आणि सिस्केल ह्यांची कुटुंबे. निराळ्या माणसांनी कार्यक्रम तीन वर्षे ओढला आणि २०१० मध्ये तो बंद पडला. सामान्यतः प्रसिद्धीची गोष्ट येथे संपते. परंतु ईबर्ट ह्यांच्यापाशी अंगठ्याच्या अगोदरपासूनची लेखणी होती. आंतरजालावर त्यांनी एक रोजनिशी उघडली, आणि चित्रपटांबरोबरच बालपण, बाप, दारू, मृत्यू, पुस्तके, लंडनच्या गल्ल्या, अशा अनेक विषयांवर लिहिले. त्या लेखनातून २०११ साली आत्मचरित्र तयार झाले. अंगठ्याच्या काळातील परीक्षणांपेक्षा हे लेखन मला कितीतरी वरच्या दर्जाचे वाटते. आवाज गेल्यावर त्यांची वाक्ये बोलू लागली.

सिस्केल ह्यांच्या मरणाच्या वेळी केलेला निश्चय त्यांनी २०१० साली पाळला. ‘एस्क्वायर’ मासिकाने त्यांच्यावर लेख छापला, आणि त्याबरोबर जबडा नसलेल्या, सैल लोंबत्या हनुवटीच्या चेहऱ्याचे मोठे छायाचित्र त्यांनी छापू दिले. दूरचित्रवाणीचा मनुष्य चेहऱ्यावर जगतो. तो चेहरा असा उघडा करण्यास कोणते बळ लागले असेल, ते ज्याचे त्याने ओळखावे. त्याच वर्षी एडिनबरो येथील एका संस्थेने त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून त्यांचाच आवाज यंत्राने जुळविण्याचा प्रयोग केला. ‘कॅसाब्लांका’सारख्या चित्रपटांवर त्यांनी पूर्वी तासच्या तास निवेदन करून ठेवले होते, त्यातील शब्दांचे तुकडे वेचून हा आवाज बनला. तो ऐकून पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले. पण व्यवहारात त्यांना संगणकातील तयार, परका आवाजच अधिक सोयीचा वाटला. २०११ साली एका सभेत त्यांनी आपले भाषण थोडे यंत्राकडून, थोडे पत्नीकडून आणि थोडे दोन मित्रांकडून वाचून घेतले, आणि यंत्रासाठी एक कसोटी सुचविली: कृत्रिम आवाजाने विनोद असा सांगावा की ऐकणारे हसले पाहिजेत. शब्द यंत्राला येतात. विनोदापूर्वीचा तो अर्ध्या क्षणाचा थांबा येत नाही. ध्वनिक्षेपकासमोर बसणाऱ्या प्रत्येकास ह्यातील मर्म कळेल.

२०१२ ह्या एका वर्षात, न बोलणाऱ्या, न जेवणाऱ्या, नीट चालताही न येणाऱ्या ह्या माणसाने ३०६ चित्रपटांची परीक्षणे लिहिली. ही त्यांच्या साऱ्या आयुष्यातील सर्वांत मोठी वार्षिक संख्या होय. २ एप्रिल २०१३ रोजी त्यांनी वाचकांस कळविले की कर्करोग परत आला आहे, तेव्हा काम थोडे कमी करीन. मात्र रजा घेत असलो तरी हजर राहीन, आणि ह्यापुढे मला खरोखर पाहावेसे वाटतील त्याच चित्रपटांवर लिहीन. दोन दिवसांनी, ४ एप्रिलला, शिकागोत त्यांचे निधन झाले. ज्यांचे नाव ध्यानात ठेवावयास मी सांगितले होते ते स्टीव्ह जेम्स त्या अखेरच्या महिन्यांत त्यांच्यावर चित्रपट घेत होते. रुग्णालयात घशातील कफ यंत्राने ओढून काढतात तो प्रसंगही ईबर्ट ह्यांनी चित्रित करू दिला. हा चित्रपट २०१४ साली प्रसिद्ध झाला.

त्यांनी छापावयास धाडलेले शेवटचे परीक्षण मृत्यूनंतर वाचकांच्या हाती पडले. ते टेरेन्स मॅलिक ह्यांच्या ‘टू द वंडर’ ह्या चित्रपटाचे होते. त्या चित्रपटात माणसे फारशी बोलत नाहीत, आणि पुष्कळांनी त्याबद्दल त्याला नावे ठेवली होती. ईबर्ट ह्यांनी त्याला चारपैकी साडेतीन तारे दिले.